सप्टेंबरची शूबुन-नो-हीची सुट्टी म्हणजे जपानी पितृपक्ष का? घरात गणपती असताना शेजारच्या आजींबरोबर जावं का?

प्रश्न मोठा आहे, म्हणून मला कळला तसा आधी थोडक्यात परत लिहिते, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही दोघं पुण्याहून सायतामाला नुकतेच शिफ्ट झालात. २०२६ च्या सप्टेंबरात १९ ते २३ सलग पाच दिवस सुट्टी आहे. शेजारच्या आजींनी २३ तारखेला त्यांच्या घराण्याच्या कबरीवर बरोबर यायचं आमंत्रण दिलंय आणि ओहागी (चिकट तांदळाचा गोड पदार्थ) करून देते असंही म्हणाल्यात. इकडे तुमच्याकडे दहा दिवसांचा गणपती, सासूबाई खास त्यासाठी येतायत, आणि ऑफिसातल्या कुणीतरी 'हा जपान्यांचा पितृपक्ष' असं सांगितल्यापासून सासूबाईंचं म्हणणं असं की गणपती बसलेला असताना स्मशानात जायचं नाही आणि पितरांच्या नावाचं काही खायला घरात आणायचं नाही. शिवाय असल्या गोष्टीला सरकारी सुट्टी कशी, आणि तारीख दर वर्षी का हलते, हेही विचारलंय.

मी दुभाषी म्हणून काम करते आणि भारतातून इकडे येणाऱ्या कुटुंबांना शाळा, वॉर्ड ऑफिस, शेजारपाजार या सगळ्यात बसवून देणं हाही माझ्या कामाचाच भाग झालाय, त्यामुळे सप्टेंबर आणि मार्च आला की हा प्रश्न या ना त्या रूपात माझ्याकडे येतोच. तुम्ही सगळं 'हा पितृपक्ष आहे की नाही' यावर लटकवून ठेवलंय, पण त्याचं उत्तर हो आलं काय किंवा नाही आलं काय, तुमची अडचण तशीच राहते. २३ तारखेला तिथे प्रत्यक्षात काय काय होणार आणि त्यातलं तुमच्या घरच्या कुठल्या नियमाला काय आडवं येतं, हे एकदा नीट बघितलं की निर्णय बराच सोपा होतो, म्हणून मी त्याच बाजूने सांगते.

काही गोष्टी मात्र मी इथून ठरवू शकत नाही. आजींचं घर कुठल्या पंथाचं यावर बऱ्याच बारीकसारीक गोष्टी बदलतात. जोदो शिन्शू पंथाच्या घरात कबरीमागे उभ्या करायच्या त्या लांब लाकडी पट्ट्या, तोबा म्हणतात त्यांना, त्या नसतातच, बाकी पंथांत असतात. प्रांतानेही फरक पडतो, ओकिनावात तर कबरीवर जमायचा मोठा दिवस एप्रिलच्या आसपास शीमीला असतो. आणि तुमच्या घरात सोवळंओवळं कितपत पाळतात हे तुम्हालाच माहीत. मी टोक्यो-सायतामा पट्ट्यात जे बघितलंय आणि करत आलेय त्यावरून बोलतेय.

तर आधी दिवस काय आहे ते. शूबुन-नो-ही म्हणजे शरद संपाताचा दिवस, सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो आणि बरोबर पश्चिमेला मावळतो तो. हा दिवस मधोमध धरून आधीचे तीन आणि नंतरचे तीन असे सात दिवस म्हणजे हिगान. मार्चमध्ये वसंत संपाताला असाच दुसरा हिगान असतो. बौद्ध समजुतीत अमिदा बुद्धाची पवित्र भूमी पश्चिमेला आहे, म्हणून सूर्य नेमका पश्चिमेला बुडतो त्या दिवशी पलीकडच्या तीरावर गेलेल्यांची आठवण काढायची. ओसाकाच्या शितेन्नोजी मंदिरात या दिवशी पश्चिमेकडच्या दगडी तोरीतून, म्हणजे तोरणासारख्या कमानीतून, मावळता सूर्य बघत ध्यान करायचा विधी आजही होतो, त्या बाजूला कधी गेलात तर जरूर बघा, मला या सगळ्या हिगानात सगळ्यात आवडणारी गोष्ट तीच आहे.

गंमत म्हणजे बौद्ध धर्म भारतातून चीन-कोरियामार्गे इकडे आला, पण संपाताला हे सात दिवस पाळायची पद्धत ना भारतात आहे ना चीनमध्ये, ती जपानातच तयार झाली. तिची सगळ्यात जुनी नोंद ८०६ सालची आहे आणि तिच्यामागची गोष्ट फार दुःखाची आहे. सम्राट कानमूचा धाकटा भाऊ सावारा हा युवराज होता. ७८५ मध्ये नागाओकाची नवी राजधानी बांधून घेणारा सरदार फुजिवारा नो तानेत्सुगु बाण लागून मेला, कटात सावाराचं नाव आलं, त्याला पकडून आवाजी बेटावर हद्दपार केलं. त्याने अन्न सोडलं आणि वाटेतच गेला. पुढच्या काळात राजघराण्यात एकामागून एक मृत्यू, साथीचे रोग, आणि सगळ्यांची खात्री झाली की हा सावाराचा कोप आहे. ७९४ मध्ये राजधानी पुन्हा एकदा हलवून आजच्या क्योतोला नेली. ८०० मध्ये मेलेल्या सावाराला सम्राट ही पदवी दिली. आणि ८०६ मध्ये हुकूम निघाला की प्रांतोप्रांतीच्या सरकारी मठांतल्या भिक्षूंनी वसंतात आणि शरदात सात-सात दिवस त्याच्यासाठी वज्रच्छेदिका सूत्र वाचावं. म्हणजे सुरुवात झाली ती अन्याय होऊन गेलेल्या एका माणसाला शांत करण्यासाठी. पुढे शतकानुशतकं हे दरबारातून गावागावांत उतरलं, पिकाच्या आणि ऋतूच्या जुन्या समजुतींत मिसळलं, आणि आपल्या घरच्या गेलेल्यांकडे जायचा आठवडा झाला. आज आजींना सावारा माहीतही नसेल. त्यांच्यासाठी हा त्यांच्या यजमानांचा आणि सासूसासऱ्यांचा दिवस आहे.

आता सरकारी सुट्टीचं. १८६८ नंतर मेइजी सरकारने शिंतो, म्हणजे जपानचा मूळचा देवधर्म, आणि बौद्ध वेगळे काढले, सम्राटाला शिंतोच्या केंद्रस्थानी आणलं, आणि राजवाड्यात पूर्वजांसाठी चालणारे जुने बौद्ध विधीही बंद केले. १८७८ मध्ये ठरलं की सम्राटाच्या सगळ्या पूर्वजांची पूजा वर्षातून दोनदा, वसंत आणि शरद संपाताला करायची, आणि त्या दिवशी देशाला सुट्टी. शरदातल्या सुट्टीचं नाव शूकी-कोरेइसाइ. लोक त्या दिवशी आधीपासूनच आपापल्या कबरींवर जात होते, सरकारने आपला सण बरोबर त्याच दिवसावर बसवला.

युद्ध हरल्यावर अमेरिकन ताब्यात असताना डिसेंबर १९४५ मध्ये शिंतो आणि सरकार यांची फारकत करायचा आदेश निघाला, १९४७ ला नवी राज्यघटना लागू झाली, आणि जुलै १९४८ मध्ये राष्ट्रीय सुट्ट्यांचा नवा कायदा आला. त्यात नऊ सुट्ट्या होत्या, आज सोळा आहेत. जुने राजघराण्याचे दिवस एकदम पुसले नाहीत, तारीख तीच ठेवून अर्थ बदलले. सम्राटाचा नव्या धान्याचा विधी असायचा तो २३ नोव्हेंबर हा श्रमाबद्दल कृतज्ञतेचा दिवस झाला, मेइजी सम्राटाचा वाढदिवस ३ नोव्हेंबर हा संस्कृती दिन झाला, आणि शूकी-कोरेइसाइ झाला शूबुन-नो-ही. कायद्यात त्याचा हेतू एका ओळीत दिलाय: पूर्वजांचा आदर करावा आणि गेलेल्यांचं स्मरण करावं. वसंतातल्या दिवसाचा हेतू निसर्गाची थोरवी मानावी आणि जीवमात्रावर माया करावी असा आहे. कुठेही बुद्ध नाही, सम्राट नाही, देव नाही. राजवाड्यात तो जुना विधी आजही होतो, पण राजघराण्याचा खाजगी म्हणून.

मला हा कायदा लिहिणाऱ्यांचं मनापासून कौतुक वाटतं. लोक जे करतच होते ते करायला मोकळा दिवस दिला आणि कुणी कुणाला हात जोडायचे हे ज्याचं त्याच्यावर सोडलं, त्यामुळे परक्या धर्माचा माणूसही या दिवशी संकोच न करता सामील होऊ शकतो. सासूबाईंना समजावताना हा मुद्दा कामाला येईल.

तारखेचं म्हणाल तर कायद्यात बाकी सुट्ट्यांना ठरलेली तारीख नाहीतर ठरलेला सोमवार आहे, या दोन दिवसांना मात्र 'संपाताचा दिवस' एवढंच लिहिलंय. जपानची राष्ट्रीय वेधशाळा गणित करते आणि आधल्या वर्षीच्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला सरकारी राजपत्रात तारीख जाहीर होते, तेव्हा ती पक्की. वर्ष ३६५ दिवसांपेक्षा साधारण सहा तासांनी मोठं, म्हणून संपाताची वेळ दर वर्षी तेवढी पुढे सरकते आणि लीप वर्षी मागे येते. २०२४ ला ती जपानी वेळेप्रमाणे २२ सप्टेंबरला रात्री पावणेदहाच्या सुमारास होती म्हणून सुट्टी २२ ला, २०२५ ला २३ तारखेच्या पहाटे सव्वातीननंतर म्हणून २३ ला, आणि त्याच क्षणी भारतात अजून २२ तारीखच चालू होती. २०२६ ला २३ च्या सकाळी नऊच्या सुमारास. २०१२ मध्ये २२ सप्टेंबर आली ती १८९६ नंतर पहिल्यांदा, तेव्हा इकडे बातम्यांतही बरंच आलं होतं.

पाच दिवस सलग कसे आले तेही यातच आहे. सप्टेंबरचा तिसरा सोमवार ज्येष्ठांच्या आदराचा दिवस, २०२६ ला तो २१ ला. बुधवार २३ ला संपात. दोन सुट्ट्यांच्या मधे एकच दिवस अडकला तर तोही सुट्टी असा नियम आहे, म्हणून मंगळवार २२ पण मिळाला. असं आधी २००९ आणि २०१५ ला झालं होतं, दर वर्षी होत नाही, तेव्हा पुढच्या वर्षीची तिकिटं या हिशोबाने काढू नका.

आता पितृपक्ष. आपला पक्ष भाद्रपद वद्यातला, चंद्राच्या तिथीवर चालणारा, आणि हिगान पूर्णपणे सूर्यावर. म्हणून दोघांची गाठ कधी पडते कधी नाही. २०२४ ला हिगानचे सातही दिवस पितृपक्षातच होते. २०२५ ला सर्वपित्री अमावास्या २१ सप्टेंबरला झाली आणि २३ ला आपल्याकडे नवरात्र चालू होतं. २०२६ ला अधिक महिना असल्यामुळे सगळं पुढे गेलंय, गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी २५ ला, आणि पितृपक्ष त्याच्यानंतर. म्हणजे सासूबाईंना पंचांग काढून दाखवा, २३ सप्टेंबर २०२६ हा आपल्या हिशोबाने पितृपक्षातला दिवस नाहीच.

तिथीपेक्षाही मोठा फरक करण्यात आहे. हिगानात श्राद्ध नसतं, पिंड नसतात, अमुक माणसाची अमुक तिथी असंही नसतं. वर्षश्राद्धासारखं जे असतं ते त्यांच्याकडे वेगळं चालतं, गेल्यापासून सात-सात दिवसांनी एकूणपन्नासाव्या दिवसापर्यंत, मग पहिलं वर्ष, पुढे तिसरं, सातवं, तेरावं, तेहेतिसावं. पितर घरी येतात ते ओबोनला, बहुतेक ठिकाणी ऑगस्टच्या मध्यावर, टोक्योच्या काही भागांत जुलैमध्ये. ओबोन इतका मोठा असून राष्ट्रीय सुट्टी नाही, आणि हिगानच्या मधल्या दिवसाला आहे, हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं, पण वर सांगितलेला इतिहास बघितला की कळतं. हिगानात पितर येत नाहीत, आपण त्यांच्याकडे जातो. आणि हा काळ अशुभ मानत नाहीत. खरेदी, प्रवास, घर बदलणं सगळं चालू असतं. काही जुनी माणसं या आठवड्यात लग्न टाळतात तेवढंच.

सासूबाई 'स्मशान' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर चिता आहे. जपानातही जवळजवळ सगळ्यांचं दहनच होतं, पण ते वेगळ्या दाहगृहात, आणि आजी जिथे नेणार ती जागा म्हणजे देवळाच्या आवारातली नाहीतर पालिकेच्या बागेसारख्या दफनभूमीतली घराण्याची शिळा, खाली छोटी पोकळी आणि तिच्यात अस्थींचे कलश. तिथे हिगानात आजोबा-नातवंडं, फुलांचे स्टॉल, पार्किंगची रांग असं वातावरण असतं. अजून एक गोष्ट मी आपल्याकडच्या मोठ्यांना नेहमी सांगते: अंत्ययात्रेहून परत आल्यावर बरीच जपानी माणसं घरात शिरायच्या आधी अंगावर मीठ टाकून शुद्ध होतात, पण कबरीवर जाऊन आल्यावर मीठ टाकत नाहीत. म्हणजे जाऊन आल्याने विटाळ होतो असं त्यांच्या लेखीही नाही. हे ऐकल्यावर सुतकाचे नियम जाणणाऱ्या बायकांना फरक लगेच समजतो, असा माझा अनुभव आहे.

तिथे होतं काय ते क्रमाने सांगते, म्हणजे तुम्ही जाणार असाल तर अडखळणार नाही. शक्यतो सकाळी जातात, आणि मुद्दाम त्याच कामासाठी जातात, मॉलला जाता जाता उरकणं जुन्या माणसांना आवडत नाही. देऊळ असेल तर आधी मुख्य गाभाऱ्यासमोर नमस्कार. मग तिथलीच लाकडी नाहीतर प्लॅस्टिकची बादली आणि ओगराळं घ्यायचं, पाणी भरायचं. कबरीपाशी हात जोडून सुरुवात, मग गवत उपटणं, पानं झाडणं, मऊ फडक्याने शिळा धुणं पुसणं, कोरलेल्या अक्षरांतला मळ जुन्या टूथब्रशने काढणं. खरं काम हेच, आणि वेळ यातच जातो. उरलेलं पाणी ओगराळ्याने शिळेवर घालतात. दोन्ही बाजूच्या नळ्यांत फुलं, मग उदबत्ती. उदबत्तीची ज्योत तोंडाने फुंकायची नाही, हाताने वारा घालून विझवायची, आपल्याकडेही तोंडाने फुंकत नाहीतच. मग घरचे एकेक जण नात्याच्या जवळीकीप्रमाणे पुढे होऊन, खाली बसून हात जोडतात. पाहुण्याचा नंबर शेवटी. मंत्र म्हणावे लागत नाहीत. मनात काय म्हणायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, कुणी विचारणार नाही. हातात जपमाळ नसली तरी चालते, ती ज्याची त्याची असते, त्यामुळे दुसऱ्याची मागून घेऊ नका.

आजींनी तुम्हाला का बोलावलं असेल हे मी त्यांच्या मनातलं सांगू शकत नाही. पण परक्याला घराण्याच्या कबरीवर नेणं ही जपानी घरात बरीच जवळची गोष्ट आहे, चहाला बोलवण्यापेक्षा कितीतरी जवळची. आणि व्यवहाराची बाजू अशी की मुलं दूर शहरात असलेल्या म्हाताऱ्या माणसाला भरलेली बादली घेऊन पायऱ्या चढणं जड जातं. याच कारणाने गावाकडच्या कबरी बंद करून अस्थी शहरातल्या देवळाच्या सामायिक व्यवस्थेत आणायचं प्रमाण वाढलंय, साफसफाई करून फोटो पाठवणाऱ्या कंपन्याही निघाल्यात. म्हणून तुम्ही गेलात तर नुसतं बघत उभं राहू नका, बादली तुम्ही उचला, गवत तुम्ही काढा. शिळेसमोर हात जोडण्यापेक्षा आजींना त्याचं मोल जास्त असेल.

नैवेद्याचं एक खास लक्षात ठेवा. शिळेसमोर ठेवलेलं गोड किंवा फळं निघताना परत उचलून आणतात आणि सगळे मिळून खातात, कारण तसंच ठेवलं तर कावळे येऊन घाण करतात. आपल्याकडे घास ठेवून कावळ्याची वाट बघतात, इथे तो येऊ नये म्हणून आवरतात. सासूबाई बरोबर असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर पानातलं उचललं म्हणून त्यांना धक्का बसायचा.

कपडे साधे, गडद नाहीतर फिक्या रंगाचे, काळेच हवेत असं मुळीच नाही. फर, चामड्याचं दिसेल असं काही, उग्र सेंट नको. न्यायचं असेल तर फुलं न्या, सुपरमार्केटमध्ये या आठवड्यात देवघर-कबरीसाठीच्या फुलांच्या तयार जुड्या मिळतात, दोन बाजूंसाठी दोन घ्या. काट्यांचा गुलाब नको. उदबत्तीचा पुडा पण चांगला. पैशांचं पाकीट नको, ते देवळातल्या भिक्षूंना देतात आणि तेही घरच्यांनीच.

आता ओहागी. चिकट तांदूळ शिजवून अर्धवट कुटतात, त्याच्या गोळ्यावर लाल अझुकी डाळीचं गोड सारण, साधारण आपल्या पुरणासारखं, नाहीतर भाजलेल्या सोयाबीनचं पीठ किंवा काळे तीळ. पूर्ण शाकाहारी असतो. लाल अझुकीने वाईट टळतं अशी जुनी समजूत, म्हणून या दिवसांत तो. घरच्या बुत्सुदानपुढे, म्हणजे बौद्ध देवघरापुढे, थोडे ठेवतात आणि त्याच घाण्यातले शेजारी वाटतात, कधी ठेवलेलेच वाटतात, घरागणिक वेगळं. सासूबाईंना ते चालणार नसेल तर त्यांना आग्रह करू नका, पण दारात आलेला डबा परत पाठवू नका. दोन्ही हातांनी घ्या, वेगळ्या ठिकाणी ठेवा, ज्याला चालतं त्याने त्याच दिवशी खा, फ्रिजमध्ये भात कडक होतो. डबा रिकामा परत द्यायचा नाही ही पद्धत आपल्यासारखीच इकडच्या जुन्या माणसांतही आहे, तेव्हा त्यात मोदक भरून द्या. फक्त मोदक आजींच्या हातात द्या, देवाचा प्रसाद आहे आणि खायचा आहे असं सांगून, बुत्सुदानपुढे स्वतः ठेवायला जाऊ नका. त्यांना ठेवावासा वाटला तर त्या ठेवतील.

मग जायचं का? माझं मत जावं असं आहे, आणि सासूबाईंचा मान ठेवूनही जाता येतं. गणपती दीड दिवसांचा किंवा गौरींबरोबर जाणारा असता तर २३ च्या आधीच विसर्जन झालं असतं आणि प्रश्नच नव्हता. तुमचा दहा दिवसांचा, २५ पर्यंत. पण घरात मूर्ती असताना घर बंद ठेवत नाहीत, कुणीतरी थांबणारच. जो रोजची पूजा करतो त्याने घरी थांबावं, दुसऱ्याने सकाळी आजींबरोबर जावं, येऊन सरळ आंघोळ करावी, संध्याकाळच्या आरतीला दोघं. बहुतेक घरांत मोठ्यांना एवढ्यावर पटतं, कारण पूजेत खंड पडत नाही. सासूबाईंना मनापासून बघायची इच्छा झालीच तर त्यांनाही न्या, कितीतरी जणी शिळा धुताना बघून स्वतःच फडकं हातात घेतात.

आणि तरीही त्यांना नकोच असेल तर भांडण करून जाऊ नका. आजींना खरं कारण सांगा. घरी दहा दिवस देवाची स्थापना आहे, या काळात आमच्या घरचे कबरीवर जात नाहीत, हे जपानी माणसाला चटकन कळतं, त्यांच्याकडेही घरात कुणी गेलं की वर्षभर शिंतो सण आणि नवीन वर्षाच्या शुभेच्छा टाळतात. काम आहे, बरं नाही, असली सबब देऊ नका. शेजारी आहेत, आरतीचा आवाज जाणारच आहे. हिगान सात दिवसांचा असतो, २०२६ ला २० ते २६ सप्टेंबर, त्यामुळे विसर्जनानंतर २६ ला शनिवारी जाऊ का असंही विचारता येईल. मधल्याच दिवशी गेलं पाहिजे असं बंधन नाही, आणि २६ ला गर्दीही कमी असेल.

लहान मुलं बरोबर येणार असतील तर एक सावधगिरी. याच आठवड्यात कबरींच्या आणि भातखाचरांच्या कडेला लालभडक हिगानबाना फुलतात, पानं नसतात, नुसता दांडा आणि वर फूल. कंदात विष आहे, उंदीर आणि चिचुंद्र्या बांध पोखरू नयेत म्हणूनच पूर्वी ते कडेने लावले. तोडून घरी आणू नका, विषारी आहे हे एक, आणि घरात आणलं की आग लागते अशी समजूत आहे म्हणून आजींना खटकेल. बघायचेच असतील तर सायतामात हिदाकाचं किंचाकुदा तुमच्यापासून फार लांब नाही, तिथे लाखोंनी असतात, पण सुट्टीत गाडी घेऊन जाऊ नका, लोकलने जा.

यंदा काहीच जमलं नाही तर मार्चमध्ये पुन्हा हिगान आहेच. २०२७ चा वसंत संपात २१ मार्चला, रविवारी येतो, त्यामुळे बदली सुट्टी सोमवारी २२ ला मिळेल. त्याच्या आठवडाभर आधी तुम्ही स्वतःहून आजींना विचारा, बादली उचलायला येऊ का म्हणून.